पायदान आणि पायरी

श्रीगणरायांचे आगमन झाले आहे. मखरे सजली, दूर्वांच्या जुड्या आल्या, केवड्याचा दरवळ ओसरीपर्यंत पोहोचला. घराघरांतून सायंकाळी झांजा खणखणू लागल्या. अशा मंगल दिवसांत या पानावर लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक चढउताराची गोष्ट काढणे काही वाचकांस विपरीत वाटेल. आम्हांसही वाटले असते. परंतु यंदा हा विषय आमच्या घरी देव्हाऱ्यासमोरच निघाला, आणि तो आम्ही काढलेला नव्हता.

झाले ते असे. चतुर्थीच्या सायंकाळी आरतीची तयारी चालली होती. आमची नात, वय वर्षे बारा, हातात मोबाईल घेऊन उभी होती; कारण गेली दोन-तीन वर्षे आमच्याकडे आरती मोबाईलवर लावण्याचा प्रघात पडला आहे. मंडळी कमी, आवाज थकलेले, पाठांतर अर्धवट. तेव्हा लावलेल्या आरतीबरोबर ओठ हालविणे सर्वांस सोयीचे जाते. ही मुलगी दर आठवड्यास निघणाऱ्या गाण्यांच्या याद्या न चुकता पाहते. कोणते गाणे वर चढले, कोणते घसरले, कोणते नव्याने आत आले, हे तिला तोंडपाठ असते. तिने पडद्यावरचा आकडा पाहिला आणि सहज विचारले, "आजोबा, आपली आरती कितव्या नंबरावर आहे हो?"

मंडळी हसली. आम्हीही हसलो. पण आरती होऊन खिरापत वाटली जाईपर्यंत तो प्रश्न काही मनातून गेला नाही. प्रश्न पोरकट असेल. तथापि गाण्यांस नंबर देण्याची आवड या घरात आमच्याच पिढीने आणलेली आहे, हे आम्हांस पक्के ठाऊक होते.

ज्या वाचकांची साठी-सत्तरी उलटली आहे, त्यांना बुधवारची रात्र आठवत असेल. ३ डिसेंबर १९५२, वार बुधवार, या दिवशी रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तिचे निवेदक अमीन सायानी तेव्हा अवघ्या विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोस जात, आणि तेथून लघुलहरींवर स्वार होऊन तो आवाज पुन्हा आमच्या चाळीत परत येई. आरंभी त्यात क्रमवारी नव्हती. सात गाणी वाजत आणि त्यांचा लोकप्रियतेचा क्रम श्रोत्यांनी ओळखून कळवावयाचा, अशी ती स्पर्धा होती. बक्षीस शंभर रुपये. पहिल्या कार्यक्रमासच नऊ हजार पत्रे आली, आणि पुढे हा ओघ आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रे तपासावयाची कोणी? तेव्हा १९५४ पासून स्पर्धा बंद करून गाणी शेवटून पहिल्याकडे क्रमाने वाजविण्याची पद्धत पडली. त्या क्रमास सायानींनी 'पायदान' हा शब्द दिला. सोळाव्या पायदानापासून पहिल्या पायदानापर्यंतची ती चढण आम्ही श्वास रोखून चढत असू.

मराठी वाचकांस यात एक गंमत आढळेल. चित्रपटगीते सिलोनला गेली ती एका मराठी मनुष्यामुळे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचे निरतिशय प्रेम. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत. त्यांनी आकाशवाणीवर या गाण्यांस कडक मर्यादा घातल्या, निर्मात्यांशी तंटा झाला, आणि ती गाणी सरकारी नभोवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करणे सरकारला भाग पडले, तोवर बुधवारची रात्र सिलोनच्या नावावर लागून गेली होती. अभिरुची हुकमाने घडत नाही, हा धडा केसकरांच्या उदाहरणावरून घेण्याजोगा आहे. पण त्यांच्याच कारकिर्दीत त्याच आकाशवाणीने आणखी एक साप्ताहिक कार्यक्रम दिला, त्याकडे आम्ही पुढे येऊ.

आधी आमच्या अपराधाची कबुली. गोष्ट १९६५ च्या आसपासची. आमच्या घरी वाल्व्हचा रेडिओ होता. तो लावल्याबरोबर बोलत नसे. आतले दिवे तापावयास मिनिटभर लागे. उत्सवातला बुधवार आला आणि आठ वाजण्याची वेळ व आरतीची वेळ यांची गाठ पडली. झांज आमच्या हाती. आम्ही हळूच रेडिओचे बटण फिरवून, आवाज मिटवून, तो तापत ठेवला आणि झांजेची लय वाढवीत नेली. गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची झाली. विठ्ठलाची आरती तर वारकऱ्यांनी पंढरीस धावत जावे तशी पळाली. दशावतार आम्ही सोईस्करपणे विसरलो. मंत्रपुष्पांजलीस वडिलांनी मात्र आपली लय सोडली नाही, आणि आठ वाजून गेले.

वडील रागावले नाहीत. त्यांनी स्वतः रेडिओचा आवाज मोठा केला आणि शेजारी बसवून घेतले. कार्यक्रम संपल्यावर विचारले, "मागच्या बुधवारी पहिले कोणते होते?" आम्ही झटकन सांगितले. "त्याच्या मागच्या?" तेही सांगितले. "आणि गेल्या गणपतीतल्या बुधवारी?" आम्ही उठलो आणि वही आणली. कारण गीतमालेची सर्व पायदाने आम्ही एका दोनशे पानी वहीत टिपून ठेवीत असू. असे टिपणारे त्या काळी गावोगाव होते. वडील वहीकडे पाहून एवढेच म्हणाले, "वही लागली होय?" आणि निरांजन उचलून आत गेले. आरतीला वही लागत नाही, हे त्यांनी बोलून दाखविले नाही. त्यांच्या अबोलपणाचा मार अधिक लागत असे.

आज इतक्या वर्षांनी ती वही आमच्याकडे आहे. पाने पिवळी पडली, शाई फुटली. या उत्सवात आम्ही ती पुन्हा काढून पाहिली आणि वडिलांच्या त्या प्रश्नाचे उत्तर थोडे निराळे निघाले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. त्या बुधवारच्या सोळा गाण्यांपैकी कोणते कितवे होते यातले एकही आम्हांस आठवत नव्हते. पण त्या सोळांतली चौदा गाणी आम्ही आजही धृपदापासून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणू शकतो. तळाशी असलेली सुद्धा. किंबहुना तळाच्या दोहोंवर आमचा जीव अधिक. म्हणजे क्रमांक गेला आणि गाणे राहिले. ते का राहिले? यादीत होते म्हणून राहिले नाही. नळावर पाणी भरताना, सायकलवरून जाताना, बहिणीच्या केळवणात आम्ही ते तोंडाने म्हटले म्हणून राहिले. यादीने फक्त दार उघडून दिले.

या याद्या बनतात कशा, हे भाविक वाचकांनीही जाणून घ्यावे. त्याविना आकड्याचा दबदबा उतरावयाचा नाही. गीतमालेचा आधार गावोगावच्या दुकानांतून होणारी तबकड्यांची विक्री हा होता. पण एखादी तबकडी दुकानातून संपून गेली की तिची विक्री शून्य दिसे; म्हणजे जी सर्वांत जास्त हवी ती सर्वांत खाली. तेव्हा ठिकठिकाणच्या श्रोता संघांची मतेही घेतली जाऊ लागली. विलायतेतही आरंभ असाच घरगुती होता. गीतमालेच्या केवळ एकोणीस दिवस आधी, १४ नोव्हेंबर १९५२ रोजी, लंडनच्या एका संगीत साप्ताहिकाने तेथील पहिली विक्री-यादी छापली. पर्सी डिकिन्स या गृहस्थांनी वीसएक दुकानांस दूरध्वनी करून कोणत्या तबकड्या जास्त खपल्या ते विचारले, बेरीज केली आणि झाली यादी. एवढाच तो मंत्र.

आता तबकड्या गेल्या. आज मोजतात ते ऐकणे. गाण्याच्या एका मोठ्या सेवेत गाणे अर्धे मिनिट वाजले की एक ऐकणे जमा होते. अर्ध्या मिनिटात आमच्याकडे निरांजनाची वातही धड पेटत नाही! अमेरिकेतील यादीत तर पैसे भरून ऐकणाऱ्याचे ऐकणे वजनदार आणि फुकट ऐकणाऱ्याचे हलके, असाही भेद आहे. देवळात दक्षिणा पाहून दर्शन देऊ नये असे आपण म्हणतो. येथे दक्षिणा पाहून कान मोजले जातात.

तथापि या नव्या मोजणीने एक चमत्कार केला, तो नाकारता येणार नाही. जुनी यादी विकत घेणे मोजत असे. भक्तिगीताची तबकडी मनुष्य एकदा घेई आणि वीस वर्षे वाजवी. त्या एका खरेदीची नोंद एकाच आठवड्यात. पुढच्या हजार सकाळी यादीच्या लेखी नव्हत्याच. पुढे ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्या, पानाच्या ठेल्यावर आणि देवळाच्या वाटेवर विकल्या जाऊ लागल्या; त्यांची मोजदाद कोण ठेवणार? १९७५ साली 'जय संतोषी माँ' चित्रपटाला लोक चपला बाहेर काढून बसत, पडद्यावर फुले उधळीत. कवी प्रदीप यांची गीते, सी. अर्जुन यांचे संगीत, आणि आरती गाणाऱ्या आमच्या उषाताई मंगेशकर. त्या वर्षी 'शोले' आणि 'दीवार' यांच्या पंक्तीस हा साधा चित्रपट जाऊन बसला. त्यातली आरती पुढे किती शुक्रवारी किती घरांत वाजली, हे कोणत्या दुकानदाराच्या वहीत सापडणार?

आता ऐकणे मोजले जाऊ लागले आणि रोजच्या पूजेतली सकाळ एकाएकी आकड्यांत दिसू लागली. हरिहरन यांच्या आवाजातील हनुमान चालीसा, जिच्या चित्रफितीत गुलशन कुमार दिसतात, ती २०११ साली यूट्यूबवर आली आणि २०२३ साली तिने ३०० कोटींचा टप्पा ओलांडला. हा टप्पा गाठणारी ती भारतातील पहिली चित्रफीत. गुलशन कुमार १९९७ साली, मुंबईत देवदर्शन करून परतत असता मारले गेले. हा आकडा पाहावयास ते राहिले नाहीत. एकाही नटाचा, एकाही नृत्याचा आधार न घेता एक स्तोत्र सर्वांच्या पुढे गेले, याचा आनंद कोणत्या भाविकास होणार नाही? आम्हांसही झाला.

नाताळच्या गाण्यांचेही तेच. मरायाह कॅरी या अमेरिकन गायिकेचे एक नाताळगीत १९९४ साली निघाले आणि तेथील शंभरांच्या यादीत पहिले आले ते २०१९ साली, पंचवीस वर्षांनी. ते भक्तिगीत नव्हे, सणाच्या रात्रीचे प्रेमगीतच आहे. पण सण आला की घराघरांत ते लागते, आणि लागणे मोजू लागताच ते शिखरावर पोहोचले. वस्तुतः अशा जुन्या गाण्यांस ही यादी भितेच. वीस आठवडे राहून जे गाणे पन्नासाच्या खाली उतरले त्यास काढून टाकण्याचा नियम तेथे वर्षानुवर्षे आहे. जुने हलले नाही तर नव्याला जागा कोठून मिळणार? गीतमालेतही फार काळ टिकलेल्या गाण्यास 'सरताज' म्हणून बिगुलाची सलामी देत आणि यादीबाहेर पाठवीत. केवढे मानाचे विसर्जन! लहानपणी त्या बिगुलाने आमचा कंठ दाटून येई. आपल्या गणरायांची गोष्ट वेगळी अशी की आपण त्यांना निरोप देतानाच पुढच्या वर्षीचे निमंत्रण देतो. सरताज गाण्यास तसे कोणी बोलावीत नसे. नाताळगीतास मात्र यादीने आता दर डिसेंबरात परत घेण्याचे मान्य केले आहे, म्हणजे तेवढ्यापुरती ती सणाच्या रीतीस आली.

पण आनंद ओसरल्यावर मनात येते ते निराळेच. तीनशे कोटी वेळा वाजले, हे खरे. म्हटले किती वेळा गेले? सकाळी आंघोळ करून, ओल्या पंचाने, अर्धे शब्द गिळत, अर्धे चुकत ज्याने पाठ म्हटला त्याची नोंद त्या आकड्यात नाही. ज्याने गाडीत पाठ लावला आणि शेजाऱ्याशी जागेच्या भावाची चर्चा केली, त्याची आहे. जपमाळेचे मणी बोटांनी मोजतात. मोजणारा आणि जपणारा एकच असतो. यंत्र जपते आणि यंत्रच मोजते, तेव्हा ते पुण्य कोणाच्या खात्यावर पडते हे शास्त्री-पंडितांनी सांगावे. आम्हांस तो अधिकार नाही.

येथे त्या दुसऱ्या साप्ताहिक कार्यक्रमाची आठवण द्यावयाची. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा शुक्रवार. पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांनी लिहावे, सुधीर फडके यांनी चाल लावावी, आणि दर आठवड्यास एक नवे गीत. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीते ५६ झाली. लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत. विचार करा, तिकडे सिलोनवर दर बुधवारी सोळा गाणी एकमेकांस ढकलीत वर चढत होती. इकडे पुण्यात दर आठवड्यास एक गाणे येत होते आणि आधीच्या गाण्याशेजारी निमूट बसत होते. दोन्ही ठिकाणी श्रोता पुढच्या आठवड्याची वाट पाहत होता. पण छप्पन्न गीतांत पहिले कोणते, हा प्रश्न कोणास सुचला नाही. आवडनिवड अर्थातच होती. कोणाला रामजन्माचे गीत प्रिय, कोणाला निरोपाचे. आमच्या आजीला शबरीचे. कथा पुढे सरकत होती, क्रमांक नव्हे.

याचा अर्थ आम्ही चित्रपटगीतांवर दगड उचलला आहे असे कोणी समजू नये. दर वर्षी उत्सव आला की मंडपातील ध्वनिवर्धकावर यादीतली चालू गाणी लागतात म्हणून तक्रारीची पत्रे छापून येतात. आवाजाबद्दलची तक्रार रास्तच आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालचा नियम आहे आणि उत्सवासाठी मिळणारी मध्यरात्रीपर्यंतची सवलत मोजक्याच दिवसांची असते, हे मंडळांनी ध्यानात ठेवावे. पण गाण्यांच्या जातीबद्दल आम्ही तितके कडक नाही. लोकमान्यांनी १८९३ पासून उत्सव चव्हाट्यावर आणला तेव्हा जे मेळे निघत, त्यांची पदे त्या काळच्या लोकप्रिय नाट्यपदांच्या चालींवर बांधलेली असत. लोकांच्या ओठी जी चाल आहे तिच्यावरच देवाचे नाव चढवावे, ही आपल्या कीर्तनकारांची जुनी युक्ती. आणि देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. १९५२ च्या 'बैजू बावरा'तील मालकंसातले भजन शकील बदायुनींनी लिहिले, नौशाद यांनी बांधले, महंमद रफींनी गायिले; ते कोणत्या देवळात वर्ज्य आहे? १९७९ च्या 'अष्टविनायक' चित्रपटातील गीत आज अशा घरांतही उत्सवात लागते, जेथे तो चित्रपट कोणी पाहिलेला नाही. नवे गाणे मंडपात वाजले म्हणून गणराय कोपत नाहीत. त्यांनी इतक्या वर्षांत कायकाय ऐकले आहे!

आमचे म्हणणे एवढेच आहे की आरतीच्या वेळी यंत्र बंद असावे. बस्स. मंडपात असो वा घरात. आधी लावा, नंतर लावा. ती पंधरा मिनिटे मात्र माणसांच्या गळ्यांस द्या. गळे बसलेले असतील, सूर लागणार नाही, दुसरे कडवे तिसऱ्याच्या जागी येईल. येऊ द्या. यंत्रावरची आरती बिनचूक असते, सुरेल असते, आणि आपण नसलो तरी पुरी होते. आमची हरकत या शेवटच्या गोष्टीस आहे.

यावर आमच्या धाकट्या कन्येने दूरध्वनीवरून आम्हांस चांगलेच उत्तर दिले. ती अमेरिकेत न्यू जर्सीत असते. म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे आठ माणसे आरतीला उभी राहतात. इथे मी एकटी, टाळी वाजवायला दोनच हात. मोबाईलवर आरती लावते तेव्हा घरात कोणीतरी आहे असे वाटते." आम्ही निरुत्तर झालो. एकट्या मनुष्यास यंत्राचा आवाज हा सोबतीचा आवाज असतो. आमच्याही पुष्कळ बुधवारांना सायानींचा आवाज तसाच सोबतीला होता. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, एक्याण्णव वर्षांचे होऊन, ते गेले तेव्हा ज्यांना आम्ही कधी भेटलो नव्हतो अशा माणसासाठी आमच्या घरात दोन मिनिटे कोणी बोलले नाही. तेव्हा कन्येस आम्ही इतकेच सुचविले की लावावी, पण तिच्या आवाजाहून तुझा आवाज थोडा मोठा ठेवावा. ती बघते म्हणाली.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर राहिलेच. दुसऱ्या दिवशी दुपारी, मोदकांच्या पाऱ्या करताना, आम्ही तिला पंढरपूरची गोष्ट सांगितली. विठ्ठलाच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. परंपरा सांगते की १३५० साली त्यांनी तेथे समाधी घेतली, ती अशासाठी की येणाऱ्या-जाणाऱ्या संतांचे पाय आपल्या माथी लागावेत. सगळ्यांत खालची पायरी. आत कोणी कितीही मोठा मनुष्य जावयाचा असो, आधी तिच्यापाशी वाकतो. आपली आरती कितवी, तर ती त्या पायरीसारखी आहे. तुझ्या यादीतली सगळी गाणी तिच्यावरून चढून वर जातात, असे आम्ही सांगितले. सांगताना आम्हांस ते फार छान वाटले. मुलीने ऐकून घेतले, आणि विचारले, "मग ती पायरी कोणी मोजत नाही का?" आम्ही म्हटले, नाही. ती म्हणाली, "मग ती नंबर शून्य." यावर घरातील थोरांत अद्याप एकमत झालेले नाही.

त्या सायंकाळपासून मात्र आमच्याकडे मोबाईल आरतीच्या वेळी फडताळात जातो. पहिल्या दिवशी फजिती झाली. देवीच्या आरतीत सारेच अडकले; मुलगा एक कडवे म्हणत होता, सूनबाई दुसरे, आणि आम्ही झांज वाजवून दोघांवर पांघरूण घालीत होतो. पुस्तक आणावे लागले. वडिलांचे "वही लागली होय?" आम्हांस स्पष्ट ऐकू आले.

आणखी एक गोष्ट घडली. समर्थांच्या आरतीत 'संकटी' असा शब्द आहे. पुस्तकात तसा आहे, मोबाईलवरही तसाच उमटतो. आमच्या आजी मात्र जन्मभर 'संकष्टी' म्हणत आल्या, आणि त्यांच्यामागून आमच्या सबंध घराने तसेच म्हटले. असे म्हणणारी घरे महाराष्ट्रात हजारोंनी असतील. दर गणपतीत कोणी ना कोणी ही चूक पुराव्यानिशी दाखवून देतो. नात मोबाईलवरून शिकलेली, त्यामुळे ती बिनचूक 'संकटी' म्हणे, आणि आमच्या सर्वांच्या 'संकष्टी'त तिचा एकटीचा आवाज वेगळा पडे. तिसऱ्या दिवशी आरती चालू असता आम्ही कान देऊन ऐकले. ती 'संकष्टी' म्हणाली. म्हणून झाल्यावर तिने एकदा आमच्याकडे पाहिले, जीभ चावली, आणि पुढच्या ओळीस टाळी धरली.